आजोबांची फियाट: विंटेज नोंदणी करावी, की आहे तीच नोंदणी पुढे चालू ठेवावी?

फियाटवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या घरी १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली. आजोबांनी नंबर लावून घेतली होती. तेव्हापासून एकच घर, एकच मालक. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, इंजिन मूळचं, सीटची कव्हरं तेवढी दोनदा बदलली. महिन्यातून तीन-चार वेळा मी ती चालवते. दर गुरुवारी आजीला देवळात नेते, कधी मंडईत, कधी उगाच गावाबाहेर एक चक्कर.

गाडीचा नंबर जुना, तीन अक्षरी. आकडे २४७०. आजोबा गाडीला कधी गाडी म्हणायचेच नाहीत. "चोवीस-सत्तरला पाणी घातलं का?" असं विचारायचे. रेडिएटरमध्ये पाणी बघायचं काम माझ्याकडे होतं.

आता आरसीची, म्हणजे नोंदणीपत्राची, मुदत चार महिन्यांनी संपतेय. मामेभाऊ म्हणतो, "पन्नास वर्षं उलटलीत, विंटेजमध्ये नोंदव, मान मिळेल." बाबा म्हणतात, "नवा नंबर घ्यावा लागेल, चोवीस-सत्तर जाईल." शिवाय त्या नव्या सुरक्षा नंबरप्लेटचं आहेच. कोणी यातून गेलं आहे का? नंबर जाणार असेल तर मला विंटेज नको, हे आधीच सांगून ठेवते.

चाकधर

पहिल्यांदा फोटो टाका! फोटोशिवाय फियाटचा धागा म्हणजे फोडणीशिवाय आमटी.

सह्याद्रीचा_वारा

वाचनखूण साठवली. काकांच्या नावावर ७० सालची लॅम्ब्रेटा आहे, हाच प्रश्न आम्हालाही पडलाय.

निवृत्त_निरीक्षक

फियाटवाली ताई, नंबर जाणार नाही. आधी निर्धास्त व्हा, मग पुढचं वाचा.

मोटार वाहन निरीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. विंटेजचे नियम मी निवृत्त झाल्यावर आले, पण सवयीने अजून अधिसूचना वाचतो. हे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढले. त्याआधी देशभर लागू होईल अशी व्याख्याच नव्हती, प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने चालायचं. आता व्याख्या अशी: खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, आणि चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली. आयात केलेली गाडीही यात बसते.

नंबराचं असं आहे की ज्या गाडीची आधीच नोंदणी आहे, तिला मूळ नंबर ठेवता येतो. जिची नोंदणीच नाही, नव्याने करायची आहे, तिला व्हीए मालिका मिळते. म्हणजे आधी राज्याची दोन अक्षरं, मग व्हीए, मग मालिकेची दोन अक्षरं आणि शेवटी चार आकडे. महाराष्ट्रात ते 'एमएच व्हीए एए ०००१' असं दिसेल. तुमच्या चोवीस-सत्तरला कोणी हात लावत नाही.

अर्ज नमुना २० वर करायचा. त्याला विमा, शुल्क, जुनी आरसी आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क कागद, जोडायची. राज्याची समिती गाडी बघते आणि विंटेज म्हणून पात्र आहे की नाही ते ठरवते. मंजूर झाली तर ६० दिवसांत नमुना २३-ए मध्ये प्रमाणपत्र. ते १० वर्षं चालतं. पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००.

पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: दर गुरुवारी आजीला देवळात नेते. विंटेज प्रमाणपत्र घेतल्यावर ते करता येणार नाही. गाडी रस्त्यावर काढता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि या ठिकाणी जाणं-येणं एवढ्यासाठीच. रोजचा वापर बंद, धंद्याचा वापर तर बंदच.

फियाटवाली

काका, खूप खूप आभार. हे शेवटचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. मामेभावाला हा धागा पाठवते.

गॅरेजमधला

निरीक्षक काकांनी सगळं नेमकं सांगितलंय. एक भर घालतो, कारण इथेच लोक फसतात. विंटेज म्हणून नोंदवणं सक्तीचं नाही. गाडी ५० वर्षांची झाली म्हणजे आपोआप विंटेज होते असंही नाही. साध्या खासगी गाडीप्रमाणे दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी तपासून घेऊन नोंदणी पुढे नेता येते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या याच वाटेने चालू आहेत.

हिशोबी_माणूस

पैशाचा हिशोब कोणी मांडला नाही म्हणून मांडतो.

साध्या मार्गाने २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये वाढलं. दुचाकीला २,०००, मोटारीला १०,०००, आयात दुचाकीला २०,००० आणि आयात मोटारीला ८०,००० रुपये. हे दर पाच वर्षांनी. २०२२ पासून मोटारीला ५,००० होते आणि त्याआधी फक्त ६००. सहाशेवरून दहा हजारांवर आलोय आपण.

आता दहा वर्षांचा विचार करा.
देशी मोटार: साध्या मार्गाने २०,०००, विंटेजलाही २०,०००. सारखंच.
देशी दुचाकी: साध्या मार्गाने ४,०००, विंटेजला २०,०००. विंटेज परवडत नाही.
आयात म्हणून नोंद असलेली मोटार: साध्या मार्गाने १,६०,०००, विंटेजला २०,०००. डोळे मिटून विंटेज.

पुढच्या दहा वर्षांसाठी विंटेजला ५,००० च लागतात, म्हणजे लांबच्या पल्ल्यात देशी मोटारीलाही विंटेज स्वस्त पडतं. शिवाय विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात २०२२ च्या नियमांनुसार ५० टक्के सवलत आहे. साध्या मार्गाला पर्यावरण कर वेगळा, तो यात धरलेला नाही.

जावाप्रेमी

हिशोबी साहेब, दंडवत. माझी म्हैसूरची १९६८ ची जावा साध्याच नोंदणीवर राहील. तिच्यावर बसून मी कामावर जातो, ती रॅलीपुरती ठेवली तर तिलाच करमणार नाही.

मीठमिरची

मला मात्र मुळातच पटत नाही. गाडी रस्त्यावर धावण्यासाठी केलेली असते. ५० वर्षं जपल्याबद्दल बक्षीस काय, तर 'आता बाहेर काढू नका'? जपणाऱ्याला मोकळीक हवी.

गॅरेजमधला

मीठमिरची, थोडी दुसरी बाजूही बघा. या नियमामुळे पहिल्यांदाच कागदावर आलं की ही गाडी ठेवा आहे, भंगार नव्हे. त्याच वर्षी स्क्रॅपिंगचे नियम आले. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर काय वेळ आली ते आपण पाहिलं. अशा वातावरणात 'विंटेज' हा शिक्का म्हणजे संरक्षण आहे. १९३० ची गाडी कोणी मंडईत नेत नाही, तिच्या मालकाला हे बंधन जाचत नाही. जाचतं ते आपल्याला, साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांवाल्यांना, कारण या गाड्या अजून चालवण्याजोग्या आहेत. आपल्यासाठी साधा मार्ग उघडा ठेवलाय, मग तक्रार कशाची?

मीठमिरची

साधा मार्ग दर वेळी महाग होतोय, ही तक्रार. ६०० चे १०,००० झाले. उघडं दार दर वर्षी चिंचोळं होतंय आणि आपण म्हणायचं दार उघडंच आहे. पण शिक्क्याचं संरक्षण हा मुद्दा मान्य.

जीपवाला_अण्णा

आमच्या जीपचं काय ते कोणी सांगेल का? ६४ सालची आहे. वडिलांनी शेतीसाठी घेतली. पेट्रोल परवडेना म्हणून ऐंशीच्या दशकात तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा रीतसर आरसीवर नोंदही करून घेतली. गावात ज्याच्याकडे जुनी जीप आहे त्या प्रत्येकाने हेच केलंय. आता नियम म्हणतो इंजिन बदललं की विंटेज नाही. माझ्या मते हे चूक आहे. डिझेल बसवलं म्हणून तर ती जीप जगली, नाहीतर १९८५ लाच तिचा पत्रा झाला असता. आमच्याकडच्या जीपचा खरा इतिहास हाच आहे.

निवृत्त_निरीक्षक

अण्णा, तुमचं दुःख कळतं. पण नियमातले शब्द स्पष्ट आहेत, चासी, बॉडी आणि इंजिन. तुम्ही नोंद करून घेतलीत हे फार चांगलं केलंत, कारण त्यामुळे गाडी कायदेशीर राहिली. कायदेशीर असणं आणि विंटेज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची पुनर्नोंदणी साध्या मार्गाने बिनदिक्कत होईल.

चाकधर

अण्णांशी मी सहमत. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची शिखर संस्था आहे फिवा, १९६६ साली स्थापन झालेली. (फियाटवाल्या ताईंच्या गाडीची जुळी बहीण म्हणा!) ते गाडी ३० वर्षांची झाली की ऐतिहासिक धरतात आणि मग काळानुसार वर्ग पाडतात. त्यांच्या भाषेत 'विंटेज' म्हणजे फक्त १९१९ ते १९३० मधल्या गाड्या. आपण सरसकट ५० वर्षं म्हणजे विंटेज असं ठरवलं. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं, आणि ती रोज चालवायलाही मनाई नाही. आपल्याकडे ३० ते ५० मधल्या गाड्यांना, म्हणजे आमच्या १९८४ च्या पद्मिनीला, ना मान ना सूट.

टेम्पोतला_पोरगा

आणि आमच्या आजोबांचा हॅन्सीट टेम्पो? तीन चाकी! अख्खं गाव त्याला डुक्कर म्हणायचं. तो अजून गोठ्याशेजारी उभा आहे.

निवृत्त_निरीक्षक

तीनचाकी बसत नाही. फक्त दुचाकी आणि खासगी चारचाकी. ट्रक, बस, टॅक्सीही नाही.

टेम्पोतला_पोरगा

म्हणजे पन्नाशीच्या दशकातली डुक्कर फियाट चालते आणि आमचं डुक्कर चालत नाही. एका चाकाने घात केला!

लॅम्ब्रेटा_लक्ष्मी

हसून पुरेवाट. पण अण्णा आणि टेम्पोतला_पोरगा दोघांच्याही गाड्या खरोखर जपण्यासारख्या आहेत. तो टेम्पो विकू नका हो, भंगारवाल्याला तर मुळीच नको.

आता नंबरप्लेटकडे वळूया का? त्यावर कोणी काहीच बोललं नाही.

गॅरेजमधला

प्लेटबद्दल लिहितो, कारण रोज तेच काम हातात आहे.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा प्लेट बसवायची आहे. दुचाकीला ४५० आणि मोटारीला ७४५ रुपये, वर जीएसटी. अॅल्युमिनियमची प्लेट, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात इंडियाची तीन अक्षरं, आणि लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक. न उघडणाऱ्या कुलूपखिळ्याने ती बसवतात, काढायची तर मोडावीच लागते.

जुन्या तीन अक्षरी नंबरांची खरी अडचण पुढे आहे. बुकिंग होतं ते 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीतल्या नोंदीवरून. तुमची गाडी तिथे नसेल तर नंबर टाकल्यावर काहीच सापडत नाही, आणि लोक समजतात नंबर रद्द झाला. रद्द झालेला नसतो. जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकात चढलेली नसते, इतकंच. त्यासाठी ज्या कार्यालयात नोंदणी आहे तिथे जाऊन 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यायची. मूळ आरसी बुक, विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि चासी-इंजिन नंबरचा पेन्सिल ठसा घेऊन जा. हे काम झाल्याशिवाय विंटेज असो की साधं, पुढचं काहीही हलत नाही. फियाटवाल्या ताई, तुम्ही आजच तपासा.

जावाप्रेमी

प्लेटचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलतो. माझ्या जावाच्या पुढच्या मडगार्डवर वळणदार पत्र्याची पाटी होती, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी. काळ्यावर पांढरी अक्षरं. तालुक्याच्या पेंटरने हाताने काढलेली. आधी खडूच्या दोरीने दोन रेघा मारल्या आणि मग एका दमात आकडे ओढले. तीनचा आकडा त्याचा असा होता की वरची बाजू सपाट, खालची गोल. मी बारा वर्षांचा असेन, शेजारी उकिडवा बसून बघत होतो. नवी प्लेट बसवल्यावर ती पाटी उतरवली. ट्रंकेत ठेवलीय, तेलाच्या फडक्यात गुंडाळून.

मीठमिरची

वाचून गलबललं.

सह्याद्रीचा_वारा

मग रॅलीला जाताना ती काळी पाटी लावता येत नाही का? बरेच जण लावतात.

निवृत्त_निरीक्षक

रस्त्यावर नाही. पूर्वी खासगी गाडीला काळ्यावर पांढरी अक्षरं असत, आता पांढऱ्यावर काळी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आजच्या नियमात भाड्याने स्वतः चालवायला दिलेली गाडी. जुनी पाटी प्रदर्शनाच्या मैदानात गाडीसमोर टेकवून ठेवा, माहितीच्या फलकाशेजारी ठेवा, काही हरकत नाही. रस्त्यावर धावताना मात्र नियमातलीच.

देवनागरी आकड्यांबद्दलही कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. मराठी माझीही मायबोली आहे, पण नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे यांतच लिहावा असा नियम आहे. गाडी दुसऱ्या राज्यात गेली, अपघात झाला, चोरीला गेली, तर तिथल्या माणसाला तो वाचता यायला हवा.

नवखा_संग्राहक

फियाटवाली यांचा धागा आहे, तरी एक विचारतो. मला एक जुनी मोटरसायकल मिळतेय, कागद नाहीत. विकणारा म्हणतो, "त्याच मॉडेलचे दुसऱ्या गाडीचे पेपर देतो, नंबर जुळवून देतो, काळजी करू नका." किंमत खूपच कमी आहे. घ्यावी का?

जावाप्रेमी

नको. कृपा करून नको.

माझी दुसरी जावा मी अशीच घेतली होती, तेव्हा कळत नव्हतं. घरी आणून हँडलखालच्या नळीवरचा रंग खरवडला. आकडे दिसले, पण ओळ सरळ नव्हती. पहिले दोन आकडे खोल आणि बारीक, पुढचे उथळ आणि जरा मोठे. एका आकड्याच्या मागे दुसऱ्याची सावली दिसत होती, भरलेल्या जागेवर घासकागदाचे ओरखडे होते. नख फिरवलं की खड्डा लागायचा. कोणीतरी मूळ नंबर वितळवून भरला होता आणि वर नवा ठोकला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती गाडी कोणाची तरी चोरीला गेलेली असू शकत होती. दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी दिलं. गाडी गेली, पैसे गेले. पण आज माझ्या घरात जी जावा आहे तिच्या प्रत्येक आकड्यावर मी बोट ठेवून दाखवू शकतो.

निवृत्त_निरीक्षक

जावाप्रेमी, तुम्ही योग्य केलंत आणि इथे सांगितलंत हे आणखी चांगलं केलंत.

नवखा_संग्राहक, चासी नंबर बदलणं हा गुन्हा आहे, आणि असा माल माहीत असून घेणंही. जुन्या गाडीची किंमत तिच्या पत्र्यात अर्धी आणि कागदात अर्धी असते. आरसी हरवली असेल तर नोंदणीकृत मालकाने पोलिसांत तक्रार देऊन नमुना २६ वर दुय्यम प्रत मागायची. मालक सापडतच नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

नवखा_संग्राहक

नाही घेत. मनापासून आभार, वाचवलंत.

हिशोबी_माणूस

अवांतर: विंटेज गाडी विकता येते का, हा प्रश्न मला व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) आलाय. येते. खरेदी-विक्रीला बंदी नाही, परिवहन खात्याला रीतसर कळवावं लागतं. इथेच लिहितो म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.

फियाटवाली

मंडळी, तुमचे प्रतिसाद आजीला वाचून दाखवले. हॅन्सीटच्या डुकरावर ती खूप हसली.

गॅरेजमधला दादांनी सांगितल्याप्रमाणे तपासलं. गाडी 'वाहन'वर नाही. आणि एक मोठी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे. ते मागच्या वर्षी गेले. आता काय करू?

निवृत्त_निरीक्षक

ताई, हे आधी सांगायला हवं होतं, पण घाबरू नका. क्रम असा ठेवा: आधी बॅकलॉग एंट्री, मग वारसाच्या नावावर बदल, मग प्लेट आणि शेवटी पुनर्नोंदणी.

मालकाच्या मृत्यूनंतर नमुना ३१ भरायचा. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, आणि बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर. कायद्याने हे तीन महिन्यांत करायचं असतं, उशिराचा दंड भरावा लागेल तो भरा. आजींच्या नावावर करायची की तुमच्या, हे घरात बसून ठरवा. पुढच्या वेळी पुन्हा बदल नको असेल तर तुमच्या. पुनर्नोंदणीचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे. मुदत उलटली तर मात्र मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जादा.

लॅम्ब्रेटा_लक्ष्मी

आजीच्या नावावर करा असं मला वाटतं. पण काकांचं म्हणणं व्यवहाराचं आहे.

फियाटवाली

आजी म्हणाली, "माझ्या नावावर घर आहे, गाडी तू सांभाळतेस, तुझ्याच नावावर कर." ठरलं.

चाकधर

धागा वर काढतोय. दोन महिने झाले, फियाटवाल्या ताई, काय झालं पुढे? फोटोही अजून बाकी आहे.

फियाटवाली

उशिराबद्दल माफ करा. सगळं सविस्तर लिहिते, पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

बॅकलॉग एंट्रीसाठी तीन चकरा झाल्या. पहिल्या दोन चकरांत कोणी नीट सांगितलंच नाही की कोणत्या टेबलावर जायचं. तिसऱ्यांदा एक वयस्क बाई भेटल्या. त्यांनी आरसी बुक हातात घेऊन चक्क वास घेतला आणि म्हणाल्या, "हा आमच्या जुन्या रेकॉर्ड खोलीचा वास." त्यांनी मनापासून मदत केली.

अडचण आली ती चासी नंबरात. आरसी बुकात शाईच्या पेनाने लिहिलेलं, आणि त्यातला एक आकडा ३ आहे की ८ ते कळेना. बाबा म्हणायचे ३, टेबलावरचे साहेब म्हणाले ८. मग घरी येऊन बॉनेट उघडलं. इंजिनमागच्या पत्र्यावर नंबर आहे, पण त्यावर साठ वर्षांचा रंग आणि तेलाचा थर. थिनरमध्ये फडकं भिजवून हळूहळू पुसत बसले, पत्र्याला ओरखडा जाऊ नये म्हणून ब्रश वापरला नाही. तासाभराने आकडे मोकळे झाले. पातळ कागद चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. कागदावर एकेक आकडा वर आला. तो ८ होता. दोन्ही गोल पूर्ण मिटलेले. बाबा कितीतरी वेळ तो कागद धरून उभे होते.

तो ठसा आणि कार्यालयातलं जुनं रजिस्टर जुळलं. नोंद चढली. पंधरा दिवसांनी नाव बदललं. मग प्लेटचं बुकिंग झालं, आणि ती परवा बसली.

विंटेज नोंदणी करत नाही. निरीक्षक काकांनी गुरुवारचं वाक्य पकडलं नसतं तर मी मामेभावाचं ऐकून अर्ज केला असता. आजी चालतीफिरती आहे तोवर गाडी साध्या नोंदणीवर. पुढे कधी गाडी फक्त रॅलीपुरती राहिली तर तेव्हा बघू, वय काही तिचं कमी होणार नाही. नमुना २५ पुढच्या आठवड्यात भरतेय, पर्यावरण करही त्याच वेळी.

फोटो खाली जोडलाय. जुनी काळी पाटी उतरवून आजोबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावली आहे.

चाकधर

आहाहा! काय गाडी ठेवलीय. बंपर मूळचाच ना?

फियाटवाली

हो, मूळचाच. फक्त क्रोमचं पाणी दिलंय.

जीपवाला_अण्णा

ताई, अभिनंदन. तुमचं वाचून मीही काल जीपचा ठसा घेतला. उरलेल्या आरसी बुकाची पानं सुटायला आलीत, बाइंडिंग करून घेतलं तर कार्यालयात चालतं का?

निवृत्त_निरीक्षक

अण्णा, शिवू नका आणि चिकटपट्टीही लावू नका, शिक्के झाकले जातात. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात पानं क्रमाने ठेवा आणि तशीच घेऊन जा.

सह्याद्रीचा_वारा

आमच्या लॅम्ब्रेटाची नोंदही सापडली, बॅकलॉगला सोमवारी जातोय. काकांना सोबत नेतोय, त्यांना रजिस्टर बघायचंय.